टोमॅटोच्या बुडाचा काळा डाग

लेकीच्या घरी बापाने फार दिवस राहू नये, हा आमच्या देशावरचा नियम. आई गेल्यावर मी अण्णांना विरारला, मनवेलपाड्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरी आणलं. बॅग त्यांनी कधी रिकामी केली नाही. कपडे तिच्यातूनच काढायचे आणि पुन्हा चेन लावायचे. पुढे खिडकीखालच्या हातभर जागेत त्यांनी टोमॅटो लावले, आणि गावाकडून फोन आला की सांगू लागले, "लेकीकडं नाही, टोमॅटोसाठी थांबलोय." सबब लंगडी होती, पण मला पुरत होती.

फळं धरली आणि बुडाशी काळी पडायला लागली. वरून गोंडस, खालून चामड्यासारखा डाग. अण्णा एकेक फळ उलटं करून पाहायचे आणि हळूच सोडून द्यायचे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी हात मागे बांधून निदान केलं, "कॅल्शियमची कमतरता." ते बरोबर निघालं, त्यामुळे पुढे वर्षभर ते प्रत्येक विषयावर निदान करत राहिले. अण्णांनी तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवून घातला. डाग तसेच. माझ्या शाळेतल्या सहकारी बाई वसईच्या वाडीतल्या, ख्रिस्ती. नाताळच्या केकसाठी फोडलेल्या अंड्यांची टरफलं त्यांनी पिशवीभर दिली. अण्णा कट्टर शाकाहारी. त्यांनी ती चिमट्याने उचलून पाट्यावर नाही, अंगणातल्या दगडावर कुटली आणि नंतर दगडही धुतला. कावळे खूश झाले. डाग तसेच.

"इथं काही जगत नाही," अण्णा म्हणाले. "रविवारी निघतो."

शनिवारी बाई टरफलांचा हालहवाल विचारायला आल्या. त्या दिवशी नळाला पाणी आलेलं. आमच्याकडे एक दिवसाआड यायचं, आणि ताजं आलं की घरातलं सगळं साठलेलं पाणी माझ्या लेखी शिळं. मी हंडा, कळशी, बादल्या सगळ्या टोमॅटोवर ओतत होते.

"काल किती घातलंस?" बाईंनी विचारलं.

"काल नळाला पाणी कुठे होतं? साठलेलं राखून ठेवलं होतं."

"म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस पंगत. अगो, मुळांना चुना वर न्यायचा तर पाणी रोज नको? काका, तुम्ही तरी बोलायचं हिला."

"लेकीच्या घरात बोलू नये," अण्णा म्हणाले.

"मग टोमॅटो बोलले ना तुमच्या वतीने."

अण्णा बऱ्याच दिवसांनी हसले. लगेच त्यांनी माझ्या हातातली शेवटची बादली घेतली आणि न विचारता मोरीच्या कोपऱ्यात झाकून ठेवली. माझ्या घरातल्या वस्तूला त्यांनी पहिल्यांदाच असा हात घातला. रविवारी सकाळी त्या शिळ्या पाण्यातले दोन तांबे बुंध्याशी घातले, वर वाळका पाला पसरला, आणि गाडीचा विषय काढला नाही. मीही नाही.

डागाळलेली फळं डागाळलेलीच राहिली. नंतर धरलेली मात्र बुडापर्यंत लाल झाली. त्यांचं सार झालं, एक वाटा बाईंकडे गेला, एक नाइलाजाने सेक्रेटरींकडे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडं वाळली, तेव्हा मी धास्तावले. अण्णांनी ती उपटली, माती उकरून उन्हाला टाकली.

"इथं वांगी होतील काय गं?"

"होतील. पण वांग्याला रोज कुणीतरी बघायला लागतं."

"लागतंच," ते म्हणाले, आणि ढेकळं फोडत राहिले.