ओट्यावरची माणसं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं रोज एका जागी यायला लागली की ते आपोआप साचतात, टपरीमागे कागदी कप साचतात तसे.

आमची जागा म्हणजे ‘ओटा’. हा ओटा दगडाचा नाही. वर्ध्यात प्रवीणचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथल्या एका जुन्या मशीनवर आमच्या गावाकडच्या लोकांचं छोटंसं सोशल मीडिया चालतं, त्याचं नाव ओटा. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून प्रवीणला मदत करते. असे छोटे सर्व्हर जगात खूप आहेत. प्रत्येकाचा कारभार वेगळा, पण एकमेकांशी बोलणं चालू. नवीन माणसाला मी एसटीचं उदाहरण देते. डेपो वर्ध्याचा असला तरी गाडी अमरावतीच्या स्टँडवर लागतेच ना? तशी आमची पोस्ट दुसऱ्यांच्या सर्व्हरवर जाऊन लागते, त्यांची आमच्याकडे येते. सगळ्यांचा मिळून मालक कोणीच नाही.

*

सुरुवात गजूभाऊंच्या रश्श्यामुळे झाली. गजूभाऊंचा कारंजाला हायवेवर ढाबा आहे. त्यांनी एका मोठ्या अॅपवर पाटवडी रश्श्याचा फोटो टाकला. वर लालभडक तर्री. तिथल्या मशीनला ते रक्त वाटलं असावं, कारण ‘हिंसक मजकूर’ म्हणून भाऊंचं अकाउंटच बंद झालं. ढाब्याचे सगळे फोटो गेले, जुनी गिऱ्हाइकं गेली.

भाऊंनी अर्ज केले. दर वेळी तेच छापील उत्तर. शेवटी ते प्रवीणच्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, “अकाउंट गेलं त्याचं एवढं नाई. पण भांडायले तरी माणूस पाहिजे का नाई?”

प्रवीणने त्याच आठवड्यात ओटा सुरू केला. तेव्हापासून भाऊ त्याच्याशी नेमाने भांडतात.

*

वर्ध्याचा उन्हाळा माणसांना सोसत नाही, तिथे मशीनचं काय! पहिल्याच मे महिन्यात ओटा दुपारी बंद पडायला लागला. प्रवीणने काय करावं? घरातला कूलर उचलून दुकानात आणला आणि पाणी न भरता नुसता त्याचा पंखा मशीनसमोर लावला.

त्याची बायको रेखा दुपारी दुकानात आली. आम्हाला वाटलं, आता कूलर परत जाणार. तिने खुर्ची ओढली, कूलरसमोर मशीनच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “माह्यंही अकाउंट उघडून द्या. घरी बसून घामच गाळू का?”

त्या उन्हाळ्यात तिने सगळ्यात जास्त पोस्टी टाकल्या.

*

दोन सभासदांची एकदा जुंपली. दोघंही वर्ध्याचेच, विषय नाटकाचा. त्यातला एक प्रवीणला फोन करून सारखा म्हणायचा, त्याले ब्लॉक कर, काढून टाक. प्रवीणने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “काढतो ना. पण उद्या तो बाजारात भेटला, तिथून कसा काढशीन?”

पलीकडचा आवाज खाली आला. मग, “राहू दे.”

*

हा पुढचा किस्सा हसण्याचा नाही. सुषमाताई समुद्रपूरला नर्स आहेत. त्यांनी विहारातल्या कार्यक्रमाचे फोटो टाकले. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मुलींची भाषणं. दुसऱ्या एका सर्व्हरवरून त्यावर जातीवरून शिव्या यायला लागल्या. एकाला थांबवलं की दुसरा. तिथल्या चालकाला आम्ही कळवलं, त्याने काही केलं नाही.

आम्ही दुकानात जमलो. त्या अख्ख्या सर्व्हरशी संबंध तोडावा का, हा प्रश्न होता. मी उगाच दोन्ही बाजू मांडत बसले. तिथे चांगली माणसंही असतील वगैरे. गजूभाऊंनी मला मध्येच थांबवलं. “मॅडम, ज्या घरून ताईले शिवी येते, त्या घराचं पाणी बंद.”

सुषमाताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, पाणी बंद नका म्हणू. आमच्या लोकाईनं ते लय सोसलं. दार लावा म्हणा.”

भाऊंची मान खाली गेली. “दार लावू,” ते म्हणाले.

प्रवीणने दार लावलं. दुसऱ्या दिवशी कळलं, ज्यांना आम्ही कधी पाहिलंही नाही अशा कितीतरी लहान सर्व्हरवाल्यांनीही आपापल्या बाजूने त्या सर्व्हरला दार लावून घेतलं होतं. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. ताईंनी त्या दिवशी विहाराचे उरलेले फोटो टाकले.

*

ढाब्यावर एक ट्रक ड्रायव्हर उतरला तो झोकांड्या खात. दारू प्यायलाय असं लोकांना वाटलं. एरवी त्याला हिंदी येत असेल, पण तेव्हा तो फक्त त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता. गाडीची पाटी केरळची. भाऊंनी पोराला अॅम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितला आणि स्वतः त्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करून ओट्यावर टाकला, कोणाला समजते काय म्हणून.

केरळातल्या एका सर्व्हरवरच्या बाईंचं उत्तर लगेच आलं. तो म्हणतोय, इन्शुलिनची सुई घेतली पण जेवलो नाही. खाली सुषमाताईंनी लिहिलं, शुद्धीवर आहे तर साखरेचं पाणी पाजा, बसवून, घोट घोट. भाऊंनी पाजलं. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा ड्रायव्हर हिंदीत बोलायला लागला होता आणि पहिला प्रश्न विचारत होता की सगळे त्याच्याकडे असे काय पाहून राह्यले.

आता तो त्या रस्त्याने आला की केळ्याचे वेफर्स घेऊन येतो. त्या बाईंना भाऊंनी पार्सलने पाटवड्या पाठवल्या. त्यांनी कळवलं की आठवडाभर घरात कोणाच्या तोंडाला चव लागली नाही, इतक्या तिखट होत्या, आणि अजून पाठवा.

*

आमच्या कॉलेजात एका पाहुण्यांनी प्रवीणला विचारलं, या ओट्याचं भविष्य काय? किती मोठं करणार? प्रवीण म्हणाला, “मोठं नाई करत. दुसरं काढतो.”

आणि खरंच कारंजाच्या लोकांनी त्यांचा वेगळा सर्व्हर काढला. गजूभाऊ तिकडे निघाले. आम्हा सगळ्यांना जरा लागलं. मी त्यांचं अकाउंट हलवून दिलं आणि समजावलं की जुने ओळखीचे सगळे आपोआप सोबत येतात, कोणी तुटत नाही. सुषमाताई शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “सासरी जाताना साऱ्या मैत्रिणी सोबत? असं आमच्या वेळी असतं तर मी रडलीच नसती.”

भाऊ मात्र डोळे पुसत होते.

*

समुद्रपूरला सुषमाताईंच्या शेजारी मेश्राम सर राहायचे. रिटायर्ड शिक्षक. सर रोज सकाळी ओट्यावर एवढंच लिहायचे, “समुद्रपूर. आभाळ मोकळं.” किंवा “समुद्रपूर. ढग.” फोटो नाही, सुविचार नाही. कुठकुठल्या देशातली माणसं भाषांतर करून ते वाचायची. का, ते मला कधी कळलं नाही.

गेल्या थंडीत सर गेले. दुसऱ्या सकाळी त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सरांचा फोन सुषमाताईंच्या हातात दिला आणि सांगितलं, लिहा. ताईंनी काकूंच्या शब्दांत लिहिलं, “समुद्रपूर. आभाळ मोकळं. सर गेले.”

दुपारपासून उत्तरं यायला लागली. कोणी सांत्वनाचं काही लिहिलं नाही. पुणे, ढग. कोची, पाऊस. लिस्बन, ऊन. ताई एकेक वाचून दाखवत होत्या आणि काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. फिनलंडमधल्या एका माणसाने लिहिलं होतं, बर्फ पडतो आहे.

“थंडी असंल त्याले,” काकू म्हणाल्या. “लिहा, स्वेटर घालजो म्हणा.”

ताईंनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून नुसता एक फोटो आला. मागे सगळं पांढरं, पुढे जाड निळ्या स्वेटरमधला एक म्हातारा, सरळ उभा.

काकूंनी फोन लांब धरून बराच वेळ पाहिला.

“स्वेटर घातला,” त्या म्हणाल्या. “पण कान उघडेच हायेत.”