उणे एकशे सत्तावन्न मिनिटं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कोल्हापुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये एक्सेल शिकवायचो, त्यामुळे आकड्यांपलीकडे फारसं काही मानत नाही. तरीही हे लिहितोय...

साल २००५. धाकटी बहीण सुजाता चंदगडजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होती. रोज वडापच्या, म्हणजे सीट भरल्या की सुटणाऱ्या जीपनं शाळेला जायची. एका सकाळी साडेअकराच्या सुमारास क्लासच्या फोनवर बातमी आली – घाटात तिकडची जीप उलटली, दोघं जागीच गेले. ड्रॉवरमधून मोबाईल काढला आणि काही न बघता टाइप केलं, "सुजा, तू जीपमध्ये आहेस का?" मेसेज पाठवला. इनबॉक्स उघडला तर उत्तर होतंच – "नाही दादा, उतरले." मी खुर्चीत बसलो. वेळ कोण बघतंय?

त्या फोनमध्ये मेसेज फार मावायचे नाहीत. डिलीट करण्याआधी मी सगळे वेळेसकट डायरीत उतरवायचो. पुढच्या आठवड्यात मुलांना चार्ट शिकवायला तोच डेटा घेतला – माझ्या प्रश्नाला सुजा किती मिनिटांत उत्तर देते. सगळे बार वर गेले. एकच शून्याच्या खाली – उणे १५७. प्रश्न ११.४२, उत्तर ९.०५.

डायरीत चुकलो असेन म्हणून फोन तपासला. त्याच वेळा. त्या दिवशीचे बाकीचे मेसेजही बरोबर.

रविवारी सुजा घरी आली. विचारलं, "त्या दिवशी जीपमधून का उतरलीस गं?"

"का म्हणजे? तुझा मेसेज आलता की! जीप भरायची होती, मी आत बसलेली. म्हटलं, ह्याला कसं कळलं मी जीपमध्ये हाय ते? कायतरी झालं असणार घरात. म्हणून उतरले, एसटीडीवरनं घरी फोन केला. तवर जीप गेली."

तिनं फोन दाखवला. माझा मेसेज – ९.०४.

आई आतून म्हणाली, "उतरली न्हवं? मग बास की. आणि कशाला उकरतोस?"

मोबाईल कंपनीत असलेल्या मित्राला विचारलं. "मेसेज उशिरा पोचतो," तो म्हणाला, "लवकर कसा पोचंल, लेका?"

सुजा अजून म्हणते, दादाला कुणकुण लागली होती म्हणून मी वाचले. मला कसलीही कुणकुण लागली नव्हती. त्या दिवशी नऊ वाजून चार मिनिटांनी मी फळ्यावर सरासरीचं सूत्र लिहीत होतो.