वारा न शिरणारा ट्रेलर

आर्वो कांगास कोणाशी गोड बोलला असं कोणी सांगितलं, तर समजावं की सांगणारा आमच्या गावचा नाही. त्याचं माझं घर समोरासमोर. माझा नवरा गेला तेव्हा दारात येऊन हा म्हणाला, "लेम्पी, तुझ्या पायरीची फळी कुजलीय," आणि दुसऱ्या दिवशी नवी फळी ठोकून गेला. सांत्वन काय ते तेवढंच. मला ते पुष्कळ झालं, पण सगळ्यांना होत नाही. त्याच्या मुलाला कधीच झालं नाही.

तांब्याची खाण चालू होती तोवर आर्वो खाणीत सुतार होता. खाणीला टाळं लागल्यावर लोकांच्या परसात सौना, म्हणजे वाफेने घाम काढायच्या लाकडी खोल्या, बांधून देऊ लागला. आम्हा फिनिश वंशाच्या माणसांना शनिवारी सौनात बसून घाम काढल्याशिवाय आठवडा संपल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे त्याला कामाची ददात नव्हती. त्याच्या फळ्यांच्या सांध्यात सुरीचं पातं शिरायचं नाही. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस, असं लोक म्हणायचे. मुलाशी वागताना मात्र तोंडच पुढे असायचं.

मुलगा रसेल. दारूने त्याचं सगळं खाल्लं: कारखान्यातली नोकरी, बायको, पुढचे दोन दात. आईच्या, हेल्मीच्या, अंत्यविधीला तो झिंगून आला आणि शवपेटीवर पडता पडता वाचला. आर्वो पडला कडक पंथाचा, त्याच्या घरात औषधालासुद्धा दारू नसायची. थडग्यावर माती पडायच्या आत सगळ्यांदेखत तो म्हणाला, "हा माझ्या छपराखाली पुन्हा येणार नाही." बोललेला शब्द मागे घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

चार-पाच वर्षांनी, ऑगस्ट संपता संपता, रसेल परत आला. खांद्यावर एक पिशवी, तोंड उतरलेलं, पण शुद्धीत. दारू सोडली होती म्हणाला. खरंच सोडली होती. गावच्या दुकानात भेटला तेव्हा मी कॉफीचा कप पुढे केला तर हात थरथरत होता, तरी एक थेंब सांडू दिला नाही त्याने.

"लेम्पीमावशी, बाबा काय म्हणतील?"

"तुझे बाबा काय म्हणतात ते साऱ्या गावाला पाठ आहे. ते काय करतील ते मला ठाऊक नाही."

आर्वोने केलं ते असं. तळ्याकाठच्या बंद पडलेल्या विश्रामगृहामागे एक जुना ट्रेलर सडत पडला होता. मोटारीला जोडून न्यायचं चाकांवरचं घर, सहलीला जाणाऱ्यांचं; बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून लाकडाचा सांगाडा. एका ट्रकभर जळणाच्या बदल्यात त्याने तो घेतला आणि ओढत आणून परसात, सौनाच्या शेजारी उभा केला. छपराखाली घेणार नाही असा शब्द होता ना? परसाला छप्पर नसतं. मी हसले तर माझ्यावरच खेकसला, "दात काय काढतेस? बर्फ पडायच्या आत पोराला निवारा नको?" 'पोर' म्हणाला तो त्याला! किती वर्षांनी.

मग दोघं कामाला लागले. पत्रा उचकटला तर आतल्या लाकडाचा भुसा हातात आला. तळाच्या फळ्यांत उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले होते. आर्वोने सगळं मोडून फक्त चाकं आणि लोखंडी सांगाडा ठेवला आणि नव्या पाइनच्या लाकडात ट्रेलर पुन्हा उभा केला. रसेलने खिळा मारायचा, आर्वोने तो उपटायचा, पुन्हा मारायचा, आणि मारताना बापाने लेकाला ऐकवायचं. "हा काय खिळा मारलास? दारुड्याच्या पावलासारखा वाकडा गेलाय." रसेल ऐकून घ्यायचा. एकदा मला म्हणाला, "बोलतायत तोवर ठीक आहे मावशी. आधी बोलतसुद्धा नव्हते."

दुपारची कॉफी घेऊन मी गेले तेव्हाची गोष्ट. रसेल जमिनीवर ओणवा होऊन उबेसाठी गॅसची शेगडी जिथे बसवायची तिथलं काही बघत होता. तळाला मुठीएवढं भोक होतं, जुन्या कारखान्याने मुद्दाम पाडून जाळी लावलेलं.

"बाबा, हे ठेवलेलं दिसतंय. कशासाठी असेल?"

"उंदरांना यायला-जायला."

"पण सौनाला तुम्ही ठेवता की भट्टीपाशी भोक. हवा यायला."

"सौना सौना आहे. इथे तू झोपणार. तुझ्या अंथरुणाखाली भोक ठेवू? एक काम आयुष्यात तडीस नेलं नाहीस आणि मला शिकवतोस!"

रसेलने पत्रा धरला. आर्वोने भोकावर पत्रा ठोकला, त्यावर फळी, त्यावर जमिनीला अंथरायचं लिनोलियम. छतातली वर उघडणारी झडप गळायची म्हणून तीही काढून तिथे सपाट पत्रा रिव्हेट केला. भिंतीत ऊब धरणारा काचेचा कापूस ठासला, खिडक्यांच्या कडांना लांबी भरली. ज्याला कधी जवळ घेतलं नाही त्या मुलाला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू नये म्हणून हा माणूस गुडघे सोलून घेत होता. मला भरून यायचं बघून.

शेवटच्या दिवशी त्यांनी मेणबत्ती लावून पाहिली. बाहेर तळ्यावरून वारा नुसता पिसाळला होता. आत आर्वो मेणबत्ती धरून खिडक्यांच्या, दाराच्या, प्रत्येक सांध्याच्या कडेने फिरला. ज्योत जरासुद्धा हलली नाही. रसेल पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून हसला आणि आर्वोने, मी शपथेवर सांगते, त्याच्या पाठीवर थाप मारली.

नोव्हेंबरात बर्फ पडलं. रसेलला रस्त्यावरचं बर्फ काढायच्या गाडीवर काम मिळालं. एका शनिवारी थंडी अशी पडली की झाडं तडतडत होती. संध्याकाळी बापलेक एकत्र सौनात बसले. सौना घराबाहेर असते, तेव्हा तिथेही शब्द मोडत नव्हता. बाहेर आल्यावर आर्वो त्याला म्हणाला, "उद्या चर्चहून आल्यावर जेवायला ये. आत. घरात." रसेल हे सांगायला टॉवेल गुंडाळून, केसांतून वाफा निघत, बर्फातून पळत माझ्या दाराशी आला. "मावशी, घरात बोलावलंय! काय घालू?"

"आधी विजार घाल मेल्या," मी म्हटलं.

सकाळी चर्चमध्ये आर्वो एकटाच आला. तोंड दगडासारखं. रसेल कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, "ढोसून पडलाय. बरोबर न्यायला गेलो होतो. दार बडवलं, हाका मारल्या, ओ देत नाही. आज घरात घेणार होतो ना, आजच बरोबर तोंड काळं केलं." मग हळू, पण मागच्या बाकालाही ऐकू जाईल असं, "त्याची आई सुटली."

प्रवचनभर तो मांडीवर मुठी आवळून बसला होता. परतताना मी त्याच्या गाडीत होते. घरी त्याने ओव्हनमध्ये मटण ठेवलेलं, टेबलावर दोन ताटं, हेल्मीचं निळ्या काठाचं टेबलक्लॉथ. तो ताटं उचलायला लागला. मीच म्हटलं, आर्वो, चल, एकदा बघू.

ट्रेलरचं दार आतून लावलेलं होतं. त्याने पहारीने उचकटलं. त्याच्या हातचं दार, सहज निघालं नाही. आत उबदार होतं, शेगडी मंद होऊन विझायला आलेली. रसेल अंथरुणात कुशीवर होता. गाल लालबुंद, इतका निरोगी तो मला कधी दिसला नव्हता. खुर्चीवर इस्त्री केलेला पांढरा शर्ट.

आगबंबवाल्यांचा मुख्य आला. शेगडी, छत, तळ सगळं बघून त्याने लिनोलियम उचकटलं आणि ठोकलेल्या पत्र्यावर बोट टेकवलं. त्याने सांगितलं, उघड्या ज्योतीची शेगडी खोलीतली हवा खाते, हवेला खालून-वरून वाट ठेवावी लागते, ती नसली की विषारी वायू साठतो. वास नाही, रंग नाही, गाल तेवढे लाल होतात, झोपेतच माणूस जातो. त्याला ट्रेलर कोणी बांधला ते माहीत नव्हतं. म्हणाला, "काम मात्र काय केलंय! इतका घट्ट ट्रेलर मी जन्मात पाहिला नाही." आर्वो माझ्या शेजारी उभा होता. मी त्या माणसाला डोळ्यांनी गप्प केलं, पण बोलून झालं होतं.

दोन दिवसांनी शवतपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी बोलावलं. मी सोबत गेले, कारण आर्वोला गाडी चालवता येईना. डॉक्टर सभ्य, तरुण माणूस. म्हणाले, मध्यरात्रीनंतर लवकरच गेला असावा, सकाळी तुम्ही दार फोडलं असतंत तरी उपयोग नव्हता, मनाला लावून घेऊ नका.

आर्वोने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने टोपी हातात धरून विचारलं, "प्यायला होता का?"

"नाही. रक्तात दारूचा अंशसुद्धा नव्हता." डॉक्टरांना वाटलं, बापाला हे ऐकून बरं वाटेल. त्यांनी ते मऊ आवाजात सांगितलं.

मला वाटलं आर्वो आता उठेल. तो टोपीची कड चाचपत राहिला, आणि ज्या माणसाने कधी कोणाकडे काही मागितलं नाही, तो म्हणाला, "थोडी तरी असेल. डॉक्टर, परत एकदा बघा ना."