चिकटलेली दोन पानं

आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. कोणतं लेकरू नुसती अक्षरं वाचतं, कोणतं शब्द, कोणतं गोष्ट, ते त्यावर लिहायचं. रिसोडहून तपासणीला आलेला साहेब आधी तक्ता पाहतो, मग चहा घेतो. लेकरं पाहायला त्याला वेळ कुठला.

चौथीतली एक पोरगी दुसरीपासून माझ्याच वर्गात. धडा आमच्याकडे सगळे मिळून मोठ्यानं म्हणतात. ही एकटीही बोट ठेवून खडाखडा म्हणायची. मी तिला कधीच 'गोष्ट'च्या रकान्यात टाकलं होतं.

मार्चात तिच्या पुस्तकाची दोन पानं डिंकानं चिकटलेली होती. तिनं ती एकदमच उलटली, आणि आतला बंद मजकूरही जसाच्या तसा म्हणत गेली. बोट भलत्याच ओळींवर फिरत होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'माठात गार पाणी आहे.' पोरगी 'म'पाशीच गप्प.

हेडसरांना सांगितलं, हिला वाचता का येत नाही ते वाशीमला तज्ज्ञांकडून तपासून घेऊ, पत्र द्या. ते म्हणाले, "जूनात पाचवीले दुसऱ्या शाळेत जाईल थे. चांगला तक्ता कायले खराब करता मॅडम?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथं तिला ढ म्हणून मागं बसवतील आणि वर्ष-दोन वर्षांत तिची शाळा सुटेल, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण पत्रात लिहिणार काय डोंबल? भिंत तर म्हणते, पोरगी गोष्ट वाचते.

मी त्यांच्यासमोरच तिचं नाव खोडून 'अक्षर'खाली लिहिलं. त्यांनी तोंड वाकडं करत पत्रावर सही केली.

तिच्या आईला बोलावलं. ती हरभऱ्याच्या वावरातून तशीच आली. सगळं ऐकून पोरीवरच उखडली, "काहून वं, तीन वर्सं मॅडमले फसवून राह्यली तू?"

"नाही फसवलं," पोरगी म्हणाली. "दुसरीतच सांगतलं होतं मॅडमले. आज वळखलेलं अक्षर मले उद्या वळखू येत नाही. मॅडम म्हणल्या, मंग पाठ कर."

मला काहीच आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं. त्या दिवशी सकाळीच मी ते आणखी दोघांना म्हटलं होतं.