न मागितलेलं दुसरं उत्तर

आमचा घुम्या विचारल्याशिवाय कधी स्वतःहून बोलला असेल तर शपथ! हा माझा धाकटा भाऊ. इस्पितळात शिरेतून औषध सोडणारे पंप असतात ना, त्यांचे प्रोग्रॅम लिहितो. ऑपरेशननंतर दुखणं थांबवायला आईला तसलाच पंप लावला, तेव्हा मी मेली मिरवत होते, "माझ्या भावाचं काम आहे हो!"

दुपारी तो आला. आई डोळे उघडेना. मी म्हटलं, "गुंगी आहे, झोपू दे." त्याने पंपाच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सिस्टर, वजन का नाही भरलं?"

"ऐच्छिक लिहिलंय ना तिथे. घाईत राहिलं."

ऐच्छिक यानेच ठेवलेलं. घाईच्या वेळी कुणाचं अडू नये म्हणून! वजन दिलं नाही तर फंक्शन, म्हणजे वजनावरून औषध ठरवणारा त्याच्या प्रोग्रॅममधला तुकडा, आपलं आपण सत्तर किलो धरतं. आमची आई नुसती काडी, चाळीस भरली तरी डोक्यावरून पाणी! सिस्टरने पंप बंद केला, डॉक्टर धावत आले, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाहेर काढलं.

मी त्याची कॉलरच धरली. "मग मेला तो पंप बोंबलला का नाही?"

"फंक्शन दोन उत्तरं देतं, ताई. पहिलं, औषध किती. दुसरं, वजन अंदाजे धरलंय असा इशारा. पण दुसरं मागितलं तरच मिळतं. पंपाचा पडदा करणाऱ्यांनी पहिलंच मागितलं."

"आणि तू गप्प बसलास?"

"मला कुणी विचारलंच नाही."

थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि हा बाबा फोन काढून बसला!

"अरे, आई आत मरतेय!"

"हाच पंप बाकीच्या इस्पितळांतही आहे, ताई."

एकाने 'लेखी कळवा' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने 'आपण कोण?' विचारलं. हा भिंतीवर हात आपटत ओरडायला लागला, "मी कोण ते जाऊ द्या हो! आधी वजन भरलंय का ते बघा! पाया पडतो तुमच्या!" जन्मात त्याचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. शेवटी पलीकडून कुणीतरी म्हणालं, "थांबा, वॉर्डात जाऊन बघते."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांचं तोंड बघूनच मला कळलं. घुम्या पाठमोरा, फोन कानाला घट्ट लावून उभा होता. डॉक्टर त्याच्याकडे निघाले, तसा मी त्यांचा हात धरला.

"एवढा फोन होऊ द्या," मी म्हटलं.