चर्चच्या चटईखाली

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराजवळच्या आमच्या गावात एक जुने अँग्लिकन चर्च आहे. चौकोनी मनोरा, टोकदार कमानी, आत गार शांतता. लेकीकडे राहायला आल्यापासून मी तिथे जाऊन बसत असे आणि देवळाच्या सवयीने बूट दाराशी काढत असे. त्यामुळेच मधल्या वाटेवरच्या काथ्याच्या चटईखाली कोरलेली अक्षरे माझ्या तळपायांना लागत.

एके दिवशी फाटकावर बांधकामाची सूचना लागली. चर्चच्या व्यवस्थापकांनी लिहून दिले होते की फरशी साधी आहे, तिला ऐतिहासिक मूल्य नाही, सबब ती उखडून काँक्रीट ओतावे. चटई न उचलता काढलेला हा निष्कर्ष वाचून माझा संताप अनावर झाला. तळपायांना लागलेल्या अक्षरांचा दाखला देत मी स्थानिक कौन्सिलला हरकत लिहायला बसलो.

"बाबा, तुम्ही इथले नागरिकसुद्धा नाही," लेक म्हणाली.

"कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. नागरिक नव्हे, ख्रिस्ती नव्हे. मी व्यक्ती आहे, एवढं पुरे."

"मग चहा घेऊन लिहा, व्यक्ती."

तिसऱ्या पत्रानंतर पाहणीचा हुकूम निघाला. चटया उचलल्या, तेव्हा चर्चहूनही जुन्या थडग्यांच्या शिळा उघड्या पडल्या आणि काँक्रीटला परवानगी नाकारली गेली. उभ्या वकिलीत एकही निकाल मला इतका गोड लागला नव्हता.

पुढच्या रविवारी व्यवस्थापकांनी मला दारातच गाठले.

"ती अक्षरं तुमच्या पायांना नेमकी कुठे लागली होती?"

मी जागा दाखवली. ते बाकावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.