आधी खिळे, मग सॉफ्टवेअर

आमच्या वहिनीकडे जमीन मोजायचं मशीन घेऊन जाऊन तुम्ही "नवीन सॉफ्टवेअर टाकून द्या" म्हणालात, की ती चष्म्यावरून बघते आणि विचारते, "नवीन हवंय की योग्य हवंय?" माणूस गडबडतो. त्याला वाटत असतं दोन्ही एकच. मग वहिनी म्हणते, "बसा." बसायला एक स्टूल आहे, त्याचा एक पाय आखूड. मशीन सपाट बसावं म्हणून दिवसभर त्यातला बुडबुडा मधोमध आणत बसणारी सर्व्हेअर मंडळी त्या स्टुलावर कासावीस होतात. कितीदा सांगितलं, वहिनी, ते स्टूल बदल. ती म्हणते, "बदललं तर लोक उठायचेच नाहीत."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा सर्व्हेअर आणि मी त्याचा मदतनीस. हमाल म्हणालात तरी मी रागावणार नाही. दादा टोटल स्टेशन, म्हणजे ते मोजणीचं मशीन, ट्रायपॉडवर चढवून दुर्बिणीतून बघणार आणि मी पार तिकडच्या टोकाला उन्हात प्रिझमची काठी धरून उभा राहणार. प्रिझम म्हणजे काठीच्या टोकावरची काच. मशीनचा किरण तिच्यावर आपटून परत येतो आणि अंतर कळतं. "जरा डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे, गाढवा!" हे ऐकण्यात माझं तरुणपण गेलं.

लग्न होऊन आली तेव्हा वहिनी टायपिंग शिकवायची. एकदा दादाचं मशीन ऐन कामाच्या दिवसांत रुसलं. कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी वहिनीनं वैतागून ते जाडजूड माहितीपुस्तक उघडलं, केबल लावली, सॉफ्टवेअर नव्यानं चढवलं आणि मशीन सुरू करून दादाच्या हातात दिलं. दादानं ही गोष्ट गावभर केली. झालं! घराची पुढची खोली गेली ती गेलीच. आता तिथं केबलींचे वेटोळे, पिवळ्या पेट्या, उघडी पोटं टाकून पडलेली मशीनं आणि मधोमध आमची वहिनी.

सर्व्हेअर जातच हट्टी. एक बहाद्दर कुठून तरी अगदी ताजं सॉफ्टवेअर उतरवून आपल्या हातानं मशीनमध्ये घालून बसला. मशीन चालू झालं, पण पडद्यावरची भाषाच भलती! वाचता येईना, परत फिरवता येईना. कबूल कोण करणार? गडी नुसत्या बोटांच्या सवयीवर बटणं दाबत काम करत राहिला आणि शेवटी सगळी मोजणी पुसून टाकणारं बटण दाबून मोकळा झाला. वहिनीनं त्याला स्टुलावर बसवून असं काही झापलं, की आम्हांलाच त्याची दया आली.

म्हणूनच तिचा नियम आहे. घरासमोरच्या रस्त्यात तिनं तीन खिळे ठोकलेत. एक आमच्या दारात, एक शिंप्याच्या पायरीशी आणि एक पार कोपऱ्यावर. सॉफ्टवेअर घालायच्या आधी मालकानं दारातल्या खिळ्यावर मशीन मांडायचं, बाकीच्या दोन खिळ्यांचं अंतर आणि मधला कोन स्वतः मोजून दाखवायचा. घातल्यावर पुन्हा तेच. आकडे जुळले तरच मशीन घरी. कितीही मोठा साहेब असो, खिळे चुकत नाहीत.

आणि मग एक दिवस घरचंच गिऱ्हाईक आलं. दादा मशीन टेबलावर आदळत म्हणाला, "अगं, हे तुझं सॉफ्टवेअर कोन चुकवतंय."

प्रकरण साधं नव्हतं. शाळेच्या नव्या इमारतीच्या खांबांच्या खुणा आम्ही जमिनीवर करून देत होतो. खूण सरकली की खांब सरकणार आणि खांब सरकला की त्याच्यावरचं सगळंच. एक खूण चुकलीही होती. ठेकेदाराच्या लक्षात आली म्हणून निभावलं. दादाचा चेहरा तेव्हा पाहवत नव्हता. घरी आल्यावर दाराशीच थांबून मला म्हणाला, "अजून एक चुकली ना, तर आपल्याला कुणी उभं करायचं नाही रे. मग मी करू काय घरात बसून?"

वहिनीनं जुनं व्हर्जन घातलं. दादानं खिळे मोजले. अंतर बिनचूक, कोन चुकलेला. तिनं त्याच्याही आधीचं घातलं. अंतर बिनचूक, कोन पुन्हा वेगळाच. वर दादाची कुरकुर चालूच, "आणि या व्हर्जनमध्ये अक्षरं का बारीक केलीत मेल्यांनी?"

वहिनीनं अक्षरं मोठी करून दिली. मग दादाला दूध आणायला पिटाळलं आणि मला म्हणाली, "भावजी, जरा तुम्ही बघा."

मी दुर्बिणीतून बघून मोजलं. कोन जुळला. पुन्हा मोजलं, पुन्हा जुळला. मी खूश. वहिनी मात्र पायरीवर बसलीच.

"अंतर मशीन मोजतं, भावजी," ती म्हणाली. "नेम माणूस धरतो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ पाराही चढला. "मग सांग ना त्याला! सॉफ्टवेअरला कशाला शिव्या खायला लावतेस?"

"डोळे दाखवू या म्हटलं होतं मी. जेवण टाकून उठले. त्यांना वाटतं, डॉक्टर म्हणणार, बास झालं काम. दोन्ही डोळ्यांवर धूर आल्यासारखं झालंय त्यांच्या, मला कळतं हो. पण मी म्हटलं की ते भांडणार, आणि भांडण झालं की ते कधीच जायचे नाहीत." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मी उगाच ट्रायपॉडचे स्क्रू आवळत बसलो.

कपाटात एक मोटारवालं टोटल स्टेशन पडून होतं. बंद पडलेल्या एका कंपनीकडून दादानं हौसेनं उचललेलं. स्वतः मान वळवून प्रिझम शोधायचा आणि त्यावर नेम धरायचा, ही त्याची करामत. पण त्या करामतीचं सॉफ्टवेअरच त्यात नव्हतं. वहिनीनं ते मनावर घेतलं. नवं व्हर्जन मशीनच्या मेमरीत मावेना. जुनं मावलं, तर मशीन घाण्याला जुंपल्यासारखं गोल गोल फिरत सुटलं. मधलं व्हर्जन पाहिजे होतं आणि ते कुठंच नव्हतं. फोनवर फोन! शेवटी मशीन बनवणाऱ्या कंपनीचा एक निवृत्त इंजिनिअर सापडला. त्यानं बायकोची बोलणी खात माळा उपसला आणि सीडी शोधून काढली. आधी मोटारीचं सॉफ्टवेअर, मग मोजणीचं, असा क्रम लावल्यावर मशीन शहाण्यासारखं थांबलं.

"अहो, जरा चाचणी घ्या याची," वहिनी दादाला म्हणाली. तिकडे बघत नाही असं दाखवत.

दादानं मशीन मांडलं. मी काठी घेऊन शिंप्याच्या पायरीशी गेलो. मशीननं गुर्र करून मान वळवली, जराशी मागेपुढे केली आणि थांबलं. मग कोपऱ्यावर. पुन्हा तेच. दादानं पडद्याशी डोळे नेऊन आकडे ओरडून सांगितले. अंतर बरोबर, कोन बरोबर! मी तिथूनच ओरडलो, "दादा, जिंकलास!" शिंपी शिलाईचं मशीन थांबवून बाहेर आला.

दादा मला हाक मारून म्हणाला, "काठी तिच्याकडे दे आणि तू इकडे ये."

वहिनी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. मशीन फिरलं आणि बरोबर तिच्यावर थांबलं. दादा वाकून दुर्बिणीला डोळा लावून बसला. फोकस इकडे फिरवला, तिकडे फिरवला. रुमालानं काच पुसली, मग डोळा पुसला, पुन्हा लावला.

"काय रे," तो मान वर न करता म्हणाला, "हसतेय का ती?"

मी डोळा लावला. दुर्बिणीत वहिनीचा चेहरा भरून दिसत होता, कपाळावरच्या घामासकट. हसत बिसत नव्हती. ओठ घट्ट मिटून, श्वास धरून उभी होती बिचारी.

"नाही दादा," मी म्हणालो.

दादा सरळ उभा राहिला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अगं ए! कधी जायचं ते डोळ्याच्या डॉक्टरकडे?"

वहिनीनं काठी प्रिझमसकट रस्त्यात टाकली आणि ती दादाकडे धावत सुटली.